सतरा नंबरची बाटली

सई आणि नील, त्या दिवशी फोनवर तुम्ही दोघांनी दोन प्रश्न विचारलेत आणि मी दोन्हींना अर्धवट उत्तरं दिली. सईनं विचारलं, आबा तेल कंपनीत होते म्हणजे नेमकं काय करायचे? मी म्हटलं, तेल तपासायचे. नीलनं विचारलं, व्हिडिओत आबांच्या उशाशी पांढऱ्या सदऱ्यातले उंच आजोबा बसले होते, ते आपले कोण? मी म्हटलं, शेलूबाजारचे सुखदेवभाऊ, आबांबरोबर कामाला होते. तुमची तेव्हा शाळेची वेळ झाली होती आणि इथं घरभर माणसं होती. आता सहा आठवडे झाले. पाहुणे गेले, सतरंज्या परत केल्या, आबांचे कपडे देऊन झाले, उरलेली औषधं दवाखान्यात पोचवली. मला हातातली कामं संपवूनच बसायची सवय आहे. आज बसले. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच लिहिते. त्यात एक चूक आहे. ती आबांची आहे आणि माझीही आहे. हे फक्त तुम्हाला पत्रानं न पाठवता वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापायला देते आहे, कारण आम्ही ती चूकही चार लोकांनी वाचावी अशीच लिहिली होती.

आबा गेले तो मंगळवार होता. चहा घेतला, खुर्ची उन्हात ओढायला लावली, आणि मी आतून त्यांचा चष्मा आणीपर्यंत... एवढंच. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. पहिला फोन मी तुमच्या बाबांना केला, दुसरा शेलूबाजारला. दीड तासात सुखदेवभाऊ जीपनं वाशिमला आले. सरळ आबांच्या उशाशी बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. नात्यातल्या एकदोघांनी डोळ्यांनी मला विचारलं, हे इथं कसे? मी म्हटलं, ती जागा त्यांचीच आहे.

आबांचं गाव किन्हीराजा. मी नागपूरची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. लग्न होऊन किन्हीराजात आले तेव्हा पहिली गोष्ट कळली ती पाण्याची. घराजवळच्या विहिरीचं पाणी प्यायला बरं लागायचं, पण त्यात तुरीची डाळ शिजायची नाही. तासभर रटरटली तरी दाणा तसाच. वरणासाठी पाणी शेतातल्या विहिरीचं आणायचं. दोन्ही विहिरींत अंतर जेमतेम दोनशे पावलांचं. मी सासूबाईंना कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, "काहून म्हंजे? ते पानी येगळं, हे पानी येगळं." त्यांच्या दृष्टीनं उत्तर पूर्ण झालं होतं. आबा रसायनशास्त्राचे एम.एस्सी. त्यांनी मला क्षार आणि दगडांतल्या भेगा समजावून सांगितल्या, आणि वर म्हणाले, "आईचं उत्तरही चुकीचं नाही, फक्त लहान आहे."

वर्षभरानं आबांना गुजरातमधल्या एका तेलक्षेत्रावर प्रयोगशाळेत नोकरी लागली. कॉलनीतल्या शाळेत मला इंग्रजी शिकवायचं काम मिळालं. माझी समजूत अशी होती की जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि त्यात नळी सोडून तेल ओढतात. एका रविवारी आबा घरी दगडाचा एक तुकडा घेऊन आले. मनगटाएवढा जाड, लाटण्यासारखा गोल, रंगानं मळकट पिवळा. वालुकाश्म. वाळूचे कण दाबून दाबून झालेला दगड. त्यांनी त्यावर चमचाभर पाणी टाकलं. मला वाटलं ओघळेल, पण दगडानं ते पिऊन टाकलं, उन्हाळ्यात कोरा माठ पितो तसं. "तळंबिळं काही नाही," आबा म्हणाले. "खाली हा दगड आहे, मैलच्या मैल. कणांच्या मधल्या फटींत तेल अडकलेलं. वर चिकणमातीचा थर आहे म्हणून ते आणखी वर येत नाही. खालच्या अंगाला पाणी आहे, त्याच्यावर तेल बसलेलं." तो दगड पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे कागदांवर ठेवायला वापरला.

आबांचं काम असं. प्रत्येक तेलविहिरीचा नमुना बाटलीत भरून यायचा. ते त्याची घनता मोजायचे, ते किती दाट आहे, किती गार झालं की वाहायला कुरकुरतं, त्यात मेण किती, डांबरासारखा भाग किती, हे सगळं पाहायचे. प्रयोगशाळेच्या खिडकीत बाटल्यांची रांग असायची. मी डबा द्यायला गेले की त्या रांगेकडे बघत उभी राहायची. तेल काळंच असतं असं आपण समजतो, पण उजेडासमोर धरलं की कुठलं काढ्यासारखं तांबूस दिसायचं, कुठलं हिरवट. त्या क्षेत्रावर तेव्हा सोळा विहिरी होत्या, बहुतेक सगळ्या उंचवट्याच्या माथ्यावर खोदलेल्या. माथा म्हणजे जमिनीवरचा नव्हे, खालच्या दगडाच्या थराचा. तो थर मध्ये फुगीर आणि कडांना उतरता होता. सोळा बाटल्या थोड्याफार फरकानं सारख्याच. सगळ्यांनी धरून चाललं होतं की या क्षेत्राचं तेल एकच आहे.

सुखदेवभाऊ नमुने आणण्याच्या कामावर रुजू झाले. ओळख झाली ती अशी. आबांच्या हातून काचेची नळी फुटली आणि ते स्वतःशीच बोलले, "आता कायले फुटली बावा ही!" दारातून आवाज आला, "साहेब, तुमी अकोला जिल्ह्यातले काय?" तेव्हा आपला वाशिम जिल्हा झाला नव्हता. आबा म्हणाले, किन्हीराजाचा. "मी शेलूबाजारचा!" एवढ्या लांब, जिथं आमची तुरीची डाळसुद्धा कुणी धड ओळखत नव्हतं, तिथं आपल्या गावापासून सायकलच्या अंतरावरचा माणूस भेटला. त्या रविवारपासून ते जेवायला यायला लागले. माझ्या भाकरीचा पहिला घास घेऊन म्हणाले, "बाई, तुमची भाकरबी इंग्रजी शिकली वाटते. वरतून करपली, आतून कच्ची." आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

नमुना घ्यायची सुखदेवभाऊंची पद्धत मी एकदा पाहिली आहे. विहिरीच्या तोंडाशी नळ सोडायचा आणि आधीचं साचलेलं तेल वाहून जाईपर्यंत थांबायचं. त्याच तेलानं बाटली दोनदा विसळायची. मग गळ्यापर्यंत भरून बूच, बुचावर लाख, आणि मानेला दोऱ्यानं चिठ्ठी. इतर लोक लाख लावायचा कंटाळा करायचे. हे म्हणायचे, "साहेब, घरी लेकराच्या दुधाच्या बाटलीलेबी मी इतकं जपत नाई."

मग सतरा नंबरची विहीर खोदली गेली. ही माथ्यावर नव्हती, दगडाच्या उतरत्या कडेला, पाण्याच्या जवळ होती. तिची बाटली आली ती उजेडासमोर धरली तरी काळीच. तिरपी केली तर तेल काकवीसारखं हळूहळू सरकायचं. आबांना वाटलं, यातला हलका भाग उडून गेलाय. बाटली उघडी राहिली की असंच होतं. त्यांनी सुखदेवभाऊंना बोलावलं. जे बोलणं झालं ते आबांनी मला संध्याकाळी गंमत म्हणून सांगितलं, म्हणून मला पाठ आहे.

"बूच सैल राहिलं होतं काय गा?"

"नाई साहेब. लाख तं तुमीच फोडली ना?"

"मग टाकीच्या तळाचं भरलंस."

"विहिरीच्या तोंडावरून भरलं. साहेब, आपल्या इकडं दोन विहिरींत हाकेचं अंतर नसते, तरी पानी येक नसते. एका पान्यात वरन शिजते, दुसऱ्यात नाई शिजत. मंग तेलच कायले येक असन?"

"पाणी पावसाचं असतं. हे तेल लाखो वर्षं एकाच दगडात बसलंय. कधीच मिसळून एक झालं असेल."

"मिसळलं असन तं माझी बाटली खोटी. अन् नसन मिसळलं तं?"

 इथवर सांगून आबा हसले. मीही हसले. किन्हीराजात ज्या घरात मी दोन विहिरींचं पाणी भरलं, त्याच घरातल्या माणसाला हे कळू नये, याचं मला त्या दिवशी आश्चर्य वाटलं नाही. शिकलेल्या माणसाला कधीकधी असं होतं, बाळांनो. घरी कळलेली गोष्ट तो प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो.

अहवाल द्यायला दोन दिवस उरले होते. सगळ्या विहिरींचं तेल एकाच नळवाटेनं, म्हणजे पाइपलाइननं, न्यायचं होतं आणि त्यासाठी सोळा नमुन्यांची सरासरी पुरेशी होती. ऑफिसचा टंकलेखक रजेवर होता, म्हणून आबांनी कागद घरी आणले आणि मी माझ्या मशीनवर टाईप करायला बसले. सतराव्या नमुन्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं त्याचा अर्थ असा : या नमुन्याविषयी शंका वाटते, बूच सैल राहिलं असावं. मी थांबले. म्हटलं, "शंका आणि 'असावं', दोन्ही एकाच वाक्यात? वाचणारा म्हणेल, यांचीच खात्री नाही."

"खात्री नाहीच," आबा म्हणाले.

"मग नमुना पुन्हा मागवा."

"वेळ कुठं आहे?"

मग मी वाक्य नीट केलं. मला वाक्यं नीट करायची फार हौस होती. नमुना घेणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हा नमुना बाद धरला आहे, असं एक ठाम, सुटसुटीत इंग्रजी वाक्य मी तयार केलं. आबांनी ते दोनदा वाचलं, पेनचं टोपण काढलं, परत लावलं... आणि मग सही केली. निष्काळजीपणा हा शब्द माझा. सही त्यांची.

त्या वाक्याचा उतारा सुखदेवभाऊंच्या फाईलमध्ये गेला. पुढच्या महिन्यात बढतीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं आणि त्यांची बदली ईशान्येकडे झाली. ते निरोप घ्यायला आले नाहीत. आमच्याकडचा एक डबा त्यांच्याकडे राहिला होता, तो घासूनपुसून दाराशी ठेवलेला सापडला.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत कडेला आणखी दोन विहिरी खोदल्या होत्या. थंडी पडली आणि त्या बाजूची नळवाट अडली. तेल इतकं दाट झालं की पंप ते ढकलूच शकेना. आबा स्वतः गेले, स्वतःच्या हातानं तिन्ही विहिरींचे नमुने घेतले, स्वतः लाख लावली. तिन्ही बाटल्या काळ्या. घरी येऊन त्यांनी जुनी वही काढली. बाद करण्याआधी सुखदेवभाऊंच्या बाटलीची घनता त्यांनी मोजून त्या वहीत लिहिली होती. तो आकडा आणि सतराच्या नव्या बाटलीचा आकडा जुळत होता. मला वही दाखवली.

आता सई, तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. यानंतरची पाच वर्षं आबांनी हेच काम केलं : एकाच दगडात तेल ठिकठिकाणी वेगळं का असतं, ते शोधणं. मला कळलं तसं सांगते. माथ्याकडचं तेल हलकं, पातळ, त्यात वायू विरघळलेला. जसजसं कडेनं खाली, पाण्याकडे जावं, तसतसं जड आणि दाट. पाण्याला लागून असलेल्या तेलातला हलका भाग सूक्ष्मजीव युगानुयुगं खात राहिलेले असतात. उरतो तो जड, काळा भाग. शिवाय दगड वरून अखंड वाटला तरी आत मातीचे पातळ पडदे असतात, कुठं भेग पडून थर सरकलेला असतो. अलीकडचं तेल पलीकडे जाऊ शकत नाही. तेलही सगळं एकदम आलेलं नसतं. आधी आलेलं एका भागात, नंतरचं दुसऱ्या भागात. मिसळायला लाखो वर्षंही कमी पडतात. आबा म्हणायचे, "सरासरीचं तेल ही गोष्ट फक्त कागदावर आहे. कोणत्याही विहिरीतून ते बाहेर येत नाही." त्यांनी त्या क्षेत्राचा रंगीत नकाशा केला, माथ्याला फिकट आणि कडांना गडद. त्या नकाशाचं फार कौतुक झालं. जुन्या अहवालाला जोडलेल्या टिपणात त्यांनी लिहिलं की 'नंतर घेतलेल्या नमुन्यांवरून' हा फरक लक्षात आला. पहिल्या बाटलीबद्दल एक अक्षर नाही.

मी विचारलं, सुखदेवभाऊंचं काय? म्हणाले, वेगळं पत्र लिहितो. पुढच्या महिन्यात लिहितो. मग आमची बदली झाली, तुमच्या बाबांची शाळा, माझ्या आईचं आजारपण... पत्र राहिलं. मीही पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्या शब्दाचाही विषय निघाला असता.

निवृत्त झाल्यावर आम्ही वाशिमला घर बांधलं. सुखदेवभाऊही निवृत्त होऊन शेलूबाजारला परतल्याचं कानावर होतं. नागपूरला जायचं तर गाडी शेलूबाजारवरून जाते. तिथं सगळे चहाला थांबतात. आबा थांबायचे नाहीत. आधी म्हणायचे, चहा गोड असतो. मग म्हणायचे, जीपची गर्दी असते. अशी वर्षं गेली. एका रामनवमीच्या सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालो होतो आणि पोहरादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्यांनी शेलूबाजारचा चौक भरून गेला होता. आमची गाडी मधोमध अडकली. आबा ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी मागे घ्या." तो म्हणाला, "काका, मांगं तीन ट्रॅक्टर हायेत. कोठी घेऊ, डोक्यावर?"

समोर बियाण्यांच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून सुखदेवभाऊ बसले होते. केस पांढरे, पण बसण्याची ऐट तीच. आबांनीही पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मी दार उघडून उतरले. माझ्याकडे क्षणभर बघून ते म्हणाले, "बाई! भाकर जमते का आता?"

"जमते," मी म्हटलं. "तुमचे साहेब गाडीत आहेत."

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ऊन हाये. बोलवा त्यायले, घर मांगंच हाये."

घरात त्यांच्या पत्नी सुमनबाईंनी पाणी दिलं. कोनाड्यात बुद्धाची लहान पितळी मूर्ती होती. आबांनी पेला हातात धरला, पण प्यायले नाहीत. म्हणाले, "सुखदेव, बाटली बरोबर होती. मला पुढच्याच हिवाळ्यात कळलं. मी तुझी माफी मागतो."

 आधी सुमनबाईच बोलल्या. "पुढच्या हिवाळ्यात? साहेब, इकडं यायले बढतीच्या मुलाखतीले बसवलं का कोनी ना कोनी फाईल खोलून इचारे, निष्काळजी काय तुमी? हर वख्ती तोच कागद. लेकरं मोठी झाली तोच कागद आयकत."

मी सांगून टाकलं. म्हटलं, तो शब्द माझा होता, मी टाईप केला होता. सुखदेवभाऊ माझ्याकडे वळले. "मले वाटलंच होतं. साहेबाची इंग्रजी येवढी कडक नव्हती." हसले नाहीत. मला आणखी एक विचारायचं होतं, ते मी विचारलं. आम्ही गावातले जमीनवाले, ते बौद्ध घरातले. त्यांच्या जागी आमच्या ओळखीपाळखीचा, आमच्यातला कुणी असता तर साहेबांनी दुसरा नमुना मागवायला वेळ काढला असता का? ते म्हणाले, "बाई, ते मले नका इचारू. तुमाले माहीत हाये." ते उत्तर घेऊन मी आजवर जगते आहे.

निघताना आबांनी पुन्हा हात जोडले. सुखदेवभाऊंनी ते खाली केले. "माफी तुमी तोंडानं मांगून राह्यले साहेब. ते तं कागदावर होतं ना?"

"मग काय करू?"

"कागदावरच पाहिजे."

आबा त्या वेळी सत्तर ओलांडलेले. दुसऱ्या दिवसापासून ते याच कामाला लागले. पहिल्या पत्राला कंपनीचं सौजन्यानं उत्तर आलं की इतक्या जुन्या कर्मचाऱ्यांच्या फाईली नियमानुसार नष्ट केल्या आहेत, त्यात दुरुस्तीचा प्रश्न उरत नाही. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, सुटलो. आबा तीन दिवस जेवणावर नव्हते. मग एका सकाळी म्हणाले, "माणसाची फाईल जाळली, पण दगडाची कुणी जाळत नाही." त्यांचं बरोबर होतं. तो अहवाल, माझ्या वाक्यासकट, कंपनीच्या ग्रंथालयात होता आणि नव्या विहिरींचा विचार करणारी मुलं अजून तो वाचत होती. त्यांनी ग्रंथालयाला लिहिलं. उत्तर आलं की पुरावा असेल तर दुरुस्तीपत्र जोडता येईल, तक्ताही सुधारता येईल. पुरावा वहीत होता. दोन बाटल्या, एक आकडा.

दुरुस्तीपत्राचा मसुदा आबांनी दीड पानाचा केला. आम्ही तो घेऊन शेलूबाजारला गेलो. सुखदेवभाऊ बोट ठेवून वाचत गेले आणि मध्येच चष्मा काढून म्हणाले, "प्रामानिक, मेहनती, निष्ठावान... हे काय हाये? मी नोकरी मांगून राह्यलो काय आता?"

"खरंच आहे ते," आबा म्हणाले.

"खरं असन. पन मी कसा होतो, ते तवाबी तुमीच ठरवलं, आताबी तुमीच ठरवता. ते खोडा. बाटली बरोबर होती. भरली कोनं, ते लिहा. बाद कोनं केली, ते लिहा. बस."

आबा आधी चिडले. त्यांना चांगलं काही द्यायचं होतं आणि घेणारा घेत नव्हता. घरी येताना किन्हीराजा मागे पडलं. मग म्हणाले, "खोड सगळं." मी संगणकावर बसले. चार वाक्यं झाली. शेवटच्या वाक्यात आबांच्या सांगण्यावरून मी नमुना बाद करणाऱ्याचं नाव घातलं, आणि त्याच्यापुढे, माझ्या मनानं, ते जुनं वाक्य टाईप करणारीचंही. आबांनी ते पाहिलं आणि टोपण काढून सही केली.

ग्रंथालयाचं पत्र यायला आठ महिने लागले. आबांची दोन आजारपणं त्यात झाली. रोज विचारायचे, आलं का? ज्या दिवशी आलं त्या दिवशी त्यांना तापच होता, तरी गाडी काढायला लावली. सुखदेवभाऊंनी जोडलेली पानं उलटसुलट पाहिली, सुमनबाईंना मराठीत वाचून दाखवली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग बाहेर येऊन म्हणाले, "मधुभाऊ, चहा घेता का?" तोवर ते आबांना साहेबच म्हणत होते. आबा हो म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं दर बुधवारी दोघं भेटत. बोलणं सगळं भांडणाचं. बोअर कुठं घ्यायची, दगडात पाणी कुठून येतं, कोणाच्या शेतातलं पाणी कसं लागतं. आबा शास्त्र सांगायचे आणि सुखदेवभाऊ म्हणायचे, "थांबा, आधी बाटली भरू, मंग बोला." आबा त्या मंगळवारी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा बुधवार होता.

आता इथं काय उरलं, ते सांगून थांबते. आबांच्या वह्या मी इथल्या महाविद्यालयाला दिल्या. ते तेलक्षेत्र आता बरंचसं रिकामं झालंय, सतरा नंबरची विहीर बंद आहे. अहवाल मात्र ग्रंथालयात आहे, मागणाऱ्याला मिळतो. त्यातल्या तक्त्यात सोळाव्या ओळीनंतर आता सतरावी ओळ आहे. तिच्यात तेलाची घनता आहे, नमुना घेतल्याची तारीख आहे, आणि नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात सुखदेवभाऊंचं पूर्ण नाव आहे.